अंगावरून वारं गेल्यावर व्यायाम कशासाठी?

थंडी पडायला लागली की व्हॉट्सॲपवर एक जुना निरोप पुन्हा फिरू लागतो. कुणाला लकवा मारला तर त्याला जागचं हलवू नका, सुईनं दहाही बोटांची टोकं टोचा, थेंब थेंब रक्त येऊ द्या, तोंड वाकडं झालं असेल तर कानाच्या पाळ्या लाल होईस्तोवर ओढा. माणूस सावरला की मग सावकाश दवाखान्यात न्या. वर कुठल्या तरी चिनी प्राध्यापकाचा हवाला. शिकलीसवरलेली माणसंसुद्धा हे बिनदिक्कत पुढे ढकलतात.

निरोप साफ खोटा आहे. बोटातून काढलेल्या रक्ताचा मेंदूतल्या गुठळीशी काडीचा संबंध नसतो, आणि टोचाटोचीत गेलेला अर्धा तास कुणी परत आणून देत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांगली-मिरज आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन पक्षाघाताच्या पेशंटचे व्यायाम घेणं हे माझं काम. माझी गाठ पडते ती दवाखान्याची धावपळ संपल्यावर. बाहेरच्या खोलीत कॉट लावलेली असते, उशाशी गोळ्यांचा डबा, भिंतीवर एक्स-रेची पिशवी टांगलेली. आणि घरातलं कुणी तरी विचारतं, “ताई, हाताला तर काय लागलेलं न्हाई, हाड मोडलेलं न्हाई. मग हाताचा व्यायाम करून मेंदू कसा सुधारणार?”

प्रश्न अगदी रास्त आहे. डॉक्टर घाईत असतात, आमच्यातलेही बरेच जण ‘रोज करत जा’ एवढं सांगून निघतात, आणि उत्तर राहून जातं.

## मेंदूत नेमकं काय होतं

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खातो. शिवाय त्याच्याकडे साठा नसतो. स्नायूला रक्त कमी पडलं तर तो काही काळ तग धरतो, मेंदूच्या पेशी मात्र काही मिनिटांत मरू लागतात. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक बिघडून तो भाग बंद पडणं म्हणजे पक्षाघात. लकवा, अर्धांगवायू, वारं जाणं, पॅरालिसिसचा अटॅक, स्ट्रोक ही सगळी त्याचीच नावं.

हे दोन तऱ्हांनी होतं. बहुतेकांच्या बाबतीत रक्ताची गुठळी रक्तवाहिनीत अडकते. ती तिथेच तयार झालेली असते किंवा हृदयातून वाहत आलेली. बाकीच्यांमध्ये रक्तवाहिनी फुटते आणि रक्त मेंदूत पसरतं. यामागे बहुतेक वेळा वर्षानुवर्षं वाढलेलं, न मोजलेलं बीपी असतं. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. तेच वाकडं तोंड, तोच लुळा हात. फरक सीटी स्कॅनमध्येच कळतो. म्हणून ‘रक्त पातळ करायची गोळी’ घरीच तोंडात टाकू नका. रक्तवाहिनी फुटलेली असेल तर तीच गोळी जिवावर बेतेल.

मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. बहुतेकांची भाषाही डाव्या भागात असते. त्यामुळे उजवं अंग गेलं की पुष्कळदा बोलणंही जातं. अशा माणसाला ऐकलेलं बरंचसं कळत असतं, शब्द तेवढे सापडत नाहीत. भेटायला आलेले पाहुणे त्याच्यासमोरच ‘बुद्धी गेली बिचाऱ्याची’ म्हणतात तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी का येतं, ते यावरून कळावं.

## पहिले काही तास

ओळखायचं कसं? तोंड एका बाजूला ओघळणं, एक हात वर धरता न येणं, बोलणं जड होणं. अचानक तोल जाणं किंवा एकाएकी दिसेनासं होणं हीसुद्धा लक्षणं आहेत. यातलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ ला फोन करायचा आणि वेळ लिहून ठेवायची. लक्षणं दिसली ती वेळ आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ, दोन्ही. सकाळी उठतानाच हात लुळा सापडला, तर डॉक्टर रात्री झोपतानाची वेळ विचारतील.

वेळेचा एवढा आग्रह का? मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा एक अंदाज २००६ मध्ये मांडला गेला, आणि तो आजही दिला जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेनं ओढून काढण्याची सोयही आता आहे. तिला सहा तास, आणि काही निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत मुदत मिळते. मिरज ही शंभराहून अधिक वर्षं दवाखान्यांची पेठ आहे, कर्नाटकातूनही लोक इथे येतात. पण जतच्या पूर्व भागातून मिरजेला पोचायलाच दोन तास सहज जातात. त्यात गावातल्या डॉक्टरकडे सलाईन, मग ‘बघू संध्याकाळपर्यंत’ असं झालं की मुदत संपलीच. निघतानाच फोन करून विचारावं: सीटी स्कॅन चालू आहे का, हे इंजेक्शन देतात का?

वाटेत तोंडात काही घालू नका. पाणी नाही, साखर नाही, बीपीची गोळीही नाही. गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात. मायेनं पाजलेलं घोटभर पाणी फुफ्फुसात जातं आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया होतो.

लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली तरी दवाखाना टाळायचा नाही. अशा ओझरत्या झटक्यानंतर पुढच्या काही दिवसांतच मोठा झटका येण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

## मग हाताला व्यायाम का?

आता त्या घरातल्या प्रश्नाकडे येऊ.

मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. हे कटू आहे, पण इथूनच सुरुवात करावी लागते. हाताला हुकूम देणारा मेंदूचा तुकडा गेला, आणि तरीही माणसं चालायला लागतात, घास तोंडात नेतात. हे कसं होतं?

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी गाठली होती आणि नेहमीचे रस्ते पाण्याखाली गेले होते. अशा वेळी माणसं घरात बसत नाहीत. कुणी मळ्यातून, कुणी बांधावरून वाट काढतं. पहिला माणूस गुडघाभर गवतातून आणि चिखलातून जातो, वेळ चौपट लागतो, दोनदा पडतो. पन्नास माणसं गेली की गवत दबतं. पाचशे गेली की पायवाट पडते, मग तिच्यावरून सायकल जाते, मोटारसायकल जाते. पुलाची सर तिला कधीच येत नाही, पण बाजार गाठता येतो. आणि चार-दोन फेऱ्या होऊन कुणी त्या वाटेला फिरकलंच नाही, तर पंधरा दिवसांत गवत पुन्हा उभं राहतं.

मेंदूत जवळपास हेच घडतं. मेलेल्या भागाच्या शेजारच्या पेशी, काही वेळा पलीकडच्या अर्ध्या भागातल्याही, हाताला हुकूम पोचवण्याची आडवाट शोधतात. मेंदूच्या या गुणाला लवचीकता म्हणतात. हा गुण लहान मुलांत जास्त असतो, पण सत्तरीतही संपलेला नसतो. मात्र ही वाट वापरल्याशिवाय पडत नाही. हात हलवण्याचा प्रयत्न केला की मेंदूतून त्या आडवाटेनं एक हुकूम निघतो. हात जेमतेम सरकला तरी फेरी मोजली गेली. घरोघरी समजावून सांगावं लागतं ते एवढंच: फेरी पेशंटची स्वतःची हवी.

तुम्ही त्याचा हात उचलून वर-खाली केलात तर सांधे मोकळे राहतात. तेही गरजेचं आहे, नाहीतर सांधा आखडतो. पण त्यात हुकूम तुमच्या मेंदूतून निघाला आणि वाट तुमचीच पडली.

## चांगला हात कधी कधी वैरी ठरतो

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवर काही प्रयोग केले होते. एका हाताची संवेदना नेणारी नस तोडली की माकड तो हात वापरणंच सोडून देई. हात हलवण्याची क्षमता शाबूत असूनही. दुसरा, धड हात बांधून ठेवला की मात्र तोच टाकलेला हात कामाला लागे. सुरुवातीच्या काळात प्रयत्न फसत गेले, म्हणून हात ‘न वापरायला’ शिकला होता.

माणसांचं असंच होतं. दवाखान्यात पहिले पंधरा दिवस उजवा हात दाद देत नाही. डावा हात पटकन कामाला येतो. घरचे घास भरवतात, बटणं लावून देतात. दोन महिन्यांनी उजव्या हातात थोडी ताकद आलेली असते, पण मालकाला त्याचा पत्ताच नसतो.

यावरून एक उपचार निघाला. चांगल्या हातात जाड मोजा घालून तो अडवून ठेवायचा आणि कमजोर हाताकडून तासन्‌तास काम करून घ्यायचं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत २२२ जणांवर हे तपासलं गेलं. त्यांना झटका येऊन तीन ते नऊ महिने झाले होते. दोन आठवड्यांच्या या कष्टाचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. हा उपचार सगळ्यांसाठी नाही. मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडता यायला हवीत, आणि तोल धड नसताना चांगला हात बांधला तर माणूस पडेल. पण त्यामागचं तत्त्व घरात रोज वापरता येतं. चहाचा कप कमजोर हाताच्या बाजूला ठेवा आणि जरा वाट बघा. ‘असू द्या, मी देते’ हे वाक्य जितकं कमी उच्चाराल तितकं बरं.

## किती वेळा करायचं?

“केला की व्यायाम, धा वेळा केला.” हे मी फार ऐकते. दहा फेऱ्यांत गवत दबत नाही.

२००९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या काही केंद्रांवर संशोधकांनी एका बैठकीत पेशंट हाताची कामाची हालचाल किती वेळा करतो ते मोजलं. सरासरी निघाली ३२. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदू बदललेला दिसतो, तिथे हा आकडा दिवसाला काहीशे असतो. म्हणजे फिजिओची बैठक कितीही चांगली झाली तरी तेवढ्यानं भागत नाही, बाकीची भर घरातच पडायची असते.

आणि शेकडो वेळा करायचं तर काम अर्थाचं हवं. तासगावकडच्या एका आजींची उजवी बोटं मिटायची, पण उघडायची नाहीत. प्लास्टिकच्या खुंट्या आणि छिद्रांची पाटी समोर ठेवली की तोंड फिरवायच्या. “मी काय बालवाडीतलं पोर हाय व्हय?” उभा जन्म बेदाण्याच्या शेडवर निवडणी करण्यात गेलेला. मग सुनेनं पाटी उचलली आणि ताट मांडलं. आधी लिंबं, ती नीट धरता आल्यावर भुईमुगाच्या शेंगा, आणि मग बेदाणे. हिरवे एका वाटीत, काळपट दुसरीत, काड्या बाजूला. सुरुवातीला अंगठा आणि तर्जनी जवळ येईपर्यंत दाणा निसटून जायचा. दाणा बोटात आला तर सोडता यायचा नाही, वाटीच्या काठावर बोट घासून पाडावा लागायचा. मदतीला खांदा कानापर्यंत वर जायचा. मी खांद्यावर हात ठेवला की आजी माझ्याकडे रागानं बघायच्या आणि पुन्हा ताटाकडे वळायच्या. दाणे मोजायचं काम नातवाकडे, आणि तो आजीला एका दाण्याचीही सूट द्यायचा नाही. त्यांना भाकरी अजून थापता येत नाही, बहुधा येणारही नाही. वाटी धरता येते, पदर खोचता येतो, निवडणीतल्या सुनेच्या चुका तर आजी हमखास काढतात.

पायांचंही तसंच. पाठीवर पडून पाय हलवल्यानं चालणं येत नाही, चालण्याच्या जवळचं काही तरी करावं लागतं. खुर्चीतून उठणं-बसणं हा माझ्या मते सगळ्यात कामाचा व्यायाम. खुर्ची भिंतीला टेकवायची, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, कमजोर पाय किंचित मागे म्हणजे वजन त्याच्यावर येतं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत वाकायचं आणि उठायचं. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. मग स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभं राहणं, एका पायावरून दुसऱ्यावर वजन नेणं, उंबऱ्याएवढ्या पायरीवर पाऊल ठेवून काढणं. शेजारी माणूस हवाच. पडून खुब्याचं हाड मोडलं की सहा महिन्यांची कमाई जाते.

हात अजिबात हलत नसेल तर? एक स्वस्त उपाय आहे, आरसा. तो मधोमध उभा धरून कमजोर हात त्याच्यामागे लपवायचा, चांगला हात समोर हलवायचा आणि आरशात बघायचं. डोळ्यांना दुसराच हात हलताना दिसतो. ऐकायला गारुड्याचा खेळ वाटेल, पण हाताची हालचाल यानं सुधारते हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे.

## लगेच सुरू करावं की आराम करावा?

पूर्वी ‘पंधरा दिवस हलवू नका’ म्हणायचे. त्यानं शय्याव्रण होतात, पायात रक्त गोठतं, छातीत कफ साठतो. मग काही जण दुसऱ्या टोकाला गेले, पहिल्याच दिवशी उभं करा म्हणू लागले. याची तपासणी पाच देशांतल्या २,१०४ पेशंटवर झाली आणि निकाल २०१५ मध्ये आला. पहिल्या २४ तासांच्या आत जोरात, पुष्कळ उठवणं सुरू केलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या पद्धतीनं उपचार घेतलेल्यांपेक्षा थोडी वाईटच निघाली.

म्हणून पहिल्या दिवशी घाई नको. प्रकृती स्थिर झाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, थोडं थोडं पण दिवसातून अनेकदा. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी टिकतो आणि पुढे मंदावतो. मंदावतो म्हणजे थांबतो असं नव्हे. मोज्याची ती चाचणी नवव्या महिन्यापर्यंतच्या लोकांवर झाली होती हे लक्षात घ्या. पण ‘उन्हाळ्यात बघू, द्राक्षांचा हंगाम होऊ दे’ म्हणून पहिले तीन महिने घालवणं फार महाग पडतं.

## मालीश, शेक, पारवा आणि पिवळा चेंडू

तेल लावून हलकं चोळल्यानं पेशंटला बरं वाटतं, त्वचा चांगली राहते. जरूर करा. पण दिवसातला तास मालिशीला आणि पाच मिनिटं व्यायामाला, ही वाटणी उलटी हवी. जोरात रगडल्यानं कडक झालेला स्नायू आणखी कडक होऊ शकतो. शेक देताना जपा. त्या हाताला गरम कळत नसतं आणि भाजलेलं दुसऱ्या दिवशी फोडावरून समजतं.

पारव्याचं रक्त चोळणं किंवा पाजणं आपल्या भागात अजून चालतं. त्यात औषध नाही. ‘आमच्या भावकीतला एक जण त्यानंच उठला’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात; तो उठला हे खरंच असतं. पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचं अंग काही प्रमाणात आपोआप सुधारतं आणि श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला जातं. ते कधी पारव्याला मिळतं, कधी मांत्रिकाला. खरं सांगायचं तर कधी आम्हालाही.

पिवळा स्पंजचा चेंडू मात्र प्रत्येक घरात सापडतो. दिवसभर तो दाबत बसणं बहुतेकांना अपायाचं ठरतं. पक्षाघातानंतर बोटं मिटणारे स्नायू आपोआपच ताठ होत जातात, अडचण मूठ उघडण्याची असते. मिटलेली मूठ आणखी मिटायचा सराव कशाला? तळहात टेबलावर सपाट ठेवून त्यावर भार देणं, ग्लास पकडून *सोडणं*, हे त्याहून शहाणपणाचं.

आणि एक विनवणी. पेशंटला उठवताना लुळा हात ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका. खांद्याचा सांधा स्नायूंच्या जोरावर जागेवर असतो. ते ढिले पडले की एका हिसक्यात तो निखळतो. मग महिनोन्‌महिने खांदा दुखतो आणि दुखणारा हात कुणी व्यायामाला पुढे करत नाही. कमरेला पट्टा किंवा जाड टॉवेल बांधून तो धरा.

## व्यायाम केला असता तर टळलं असतं?

एकट्या माणसाबद्दल तसं छातीठोक सांगता येत नाही. मोठ्या समूहाबद्दल येतं. भारतासह ३२ देशांत झालेल्या एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, पक्षाघाताच्या सुमारे ९० टक्के धोक्यामागे दहा बदलता येण्याजोगी कारणं सापडली. त्यांत वाढलेल्या बीपीचा वाटा एकट्यानं जवळपास निम्मा. बाकीच्यांत व्यायामाचा अभाव, साखर, चरबी, तंबाखू, दारू, पोटाचा घेर, आहार, ताण, हृदयाचे आजार.

व्यायामाचं वैशिष्ट्य हे की यातल्या अनेकांना तो एकदम हात घालतो. नियमित चालण्यासारख्या व्यायामानं बीपी वाढलेल्या माणसाचा वरचा आकडा साधारण ५ ते ८ नं उतरतो. तेवढ्यानं काय होतं, असं वाटेल. पण औषधांवरच्या मोठ्या चाचण्यांचा हिशोब सांगतो की वरचा आकडा १० नं उतरला तर पक्षाघाताचा धोका पाव हिश्शाहून थोडा जास्तच घटतो.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं माप आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. आमराईत सकाळी राजकारण बोलत रमतगमत फिरणाऱ्या मंडळींनी हे माप स्वतःला लावून बघावं. परतताना चहाबरोबर भडंगाची पुडी सोडत असतील तर मिठाचाही हिशोब करावा. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, ही सगळ्या जेवणाची मिळून मर्यादा आहे.

“आम्ही दिवसभर रानात राबतो, वेगळा व्यायाम कशाला?” कष्ट नक्कीच मोजले जातात. १७ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात कामातल्या हालचालीचाही हृदय-मेंदूच्या आजारांपासून बचाव करण्यात फायदा दिसला. पण आपल्या रानातलं काम किती उरलंय ते प्रामाणिकपणे पाहा. पाणी ठिबकवर, मोटर मोबाइलवरून चालू, बांधापर्यंत मोटारसायकल. आणि राबणाऱ्याचं बीपी वाढत नाही हा गैरसमज तर काढूनच टाका. रानात खुरपणाऱ्या ज्या बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, त्यांना कुणी तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाही. मिश्री ही तंबाखूच, आणि निकोटीन नाडी आणि बीपी दोन्ही वाढवतं.

“रोज चालतो, मग बीपीची गोळी कशाला?” कारण ५ ते ८ ची घट १७० ला १३० वर आणू शकत नाही. गोळी डॉक्टरांना विचारून कमी होऊ शकते, मनानं बंद करायची नाही. ‘डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही’ हा समज धरून गोळी सोडलेले पेशंट मला वारंवार भेटतात.

“व्यायाम करतानाच झटका आला तर?” श्वास कोंडून जड वजन उचललं की बीपी त्या क्षणापुरतं फार चढतं, हे खरं आहे. तालमीत घाम गाळलेले पैलवान पन्नाशीत पुन्हा त्याच जोमानं दंड-बैठका काढायला जातात तेव्हा ही भीती रास्त असते. बीपी १८० बाय ११० च्या वर असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. ताकदीचे व्यायाम करताना जोर लावायच्या वेळी श्वास सोडायचा. बाकी सावकाश वाढवत नेलेलं चालणं, न चालण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

एकदा झटका येऊन गेलेल्यांना हे सगळं दुप्पट लागू. दुसरा झटका येण्याचा धोका त्यांना इतरांहून जास्त असतो, आणि तेच लोक दिवसभर कॉटवर असतात. चालता येत असेल तर अंगणात, गच्चीवर, घरातल्या घरात फेऱ्या मारा. छातीत दुखलं, दम फार लागला, चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. नव्यानं अशक्तपणा आला तर पुन्हा १०८.

## रोज फिजिओ परवडत नाही, घरच्यांनी केलं तर चालेल?

भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० पेशंटवर नेमका हाच प्रश्न तपासला गेला. घरच्या एका माणसाला दवाखान्यातच व्यायाम शिकवून त्याच्याकडून घरी करून घ्यायचे. निकाल २०१७ मध्ये आला, आणि तो निराश करणारा होता. सहा महिन्यांनंतर ज्यांच्या घरच्यांना शिकवलं त्यांच्यात आणि ज्यांना नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात फरक नव्हता. दोन्हीकडे ४७ टक्के लोक दगावले होते किंवा परावलंबी होते.

घरच्यांनी काही करू नये असा याचा अर्थ मी लावत नाही. थोडंसं शिकवून सगळा भार घरच्यांवर टाकणं पुरत नाही, असा लावते. कोणता व्यायाम, कधी वाढवायचा, ताठरपणा वाढतोय का, हे ओळखायला शिकलेली नजर लागते. शेकडो फेऱ्या मोजायला मात्र नातू पुरतो.

त्यामुळे रोज जमत नसेल तर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा फिजिओला बोलवा, व्यायाम नीट करून घ्या, मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यातून निघण्याआधी आरोग्यमित्राला भेटून सरकारी योजनेत काय बसतं ते विचारा. पेशंट गप्प गप्प झाला, रडू लागला, व्यायामाला नको म्हणू लागला तर त्याला आळशी ठरवू नका. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध असतं.

कॉटशेजारी एक वही ठेवा. रोज बीपी, खुर्चीतून किती वेळा उठला, किती फेऱ्या चालला, हातानं काय केलं आणि किती वेळा, एवढंच लिहायचं. एखादा आकडा दोन आठवडे तिथल्या तिथे राहिला तर व्यायाम एक तर फार सोपा झालाय किंवा कुठे तरी चुकतोय. फिजिओला बोलवायची खरी वेळ ती.